फाउंटन्स ॲबी कशी पाहावी : मध्ययुगीन मठाच्या अवशेषांतून फिरण्याची एक वाट

इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या रिपन या लहानशा शहराजवळ, स्केल नदीच्या अरुंद खोऱ्यात फाउंटन्स ॲबीचे अवशेष उभे आहेत. लीड्स, मँचेस्टर, न्यूकॅसल या भागांत आता बरीच मराठी कुटुंबे राहतात. उन्हाळ्यात भारतातून आईवडील आले की यॉर्कचे मोठे चर्च आणि लेक डिस्ट्रिक्ट यांच्या मध्ये एक दिवस फाउंटन्सला जायचे ठरते. बहुतेक मंडळी थेट चर्चच्या अवशेषांत जातात. छप्पर नसलेल्या त्या भव्य कमानी बघून थक्क होतात, फोटो काढतात आणि तासाभरात चहाच्या दुकानात येऊन बसतात.

माझे म्हणणे एवढेच, की चर्च शेवटी पाहा. मठ म्हणजे आधी एक वस्ती होती. शेकडो माणसे इथे जेवत, हातपाय धूत, लोकर साठवत, आजारी पडत आणि मरत. ही वस्ती नदीच्या पाण्यावर चालायची. म्हणून पाण्यापासून सुरुवात करा आणि कामाच्या जागा आधी पाहा. मग चर्चमध्ये गेलात की तिथले रिकामेपण माणसांनी भरलेले दिसू लागते. या लेखातली वाट त्याच क्रमाने जाते.

निघण्याआधी : एवढा इतिहास पुरे

यॉर्क शहरात सेंट मेरीज नावाचा बेनेडिक्टाइन पंथाचा श्रीमंत मठ होता. तिथले आचरण सैल झाले आहे, मूळ नियमांप्रमाणे साधे राहायला हवे, असे काही मठवासी म्हणू लागले आणि त्यावरून मठात मोठे भांडण झाले. यॉर्कचा आर्चबिशप थर्स्टन याने या तेरा जणांना आश्रय दिला आणि ११३२ च्या डिसेंबरात, ऐन थंडीत, स्केलच्या खोऱ्यातली ओसाड जागा दिली. पहिला हिवाळा त्यांनी झाडाखाली आणि कातळाच्या आडोशाला काढला, असे मठाच्या जुन्या वृत्तांतात सांगितले आहे. तो वृत्तांत सर्लो नावाच्या म्हाताऱ्या मठवाशाने सांगितला आणि दुसऱ्याने लिहून घेतला.

पुढे त्यांनी फ्रान्समधल्या क्लेअरव्हो मठाच्या बर्नार्डकडे मदत मागितली आणि साध्या, कष्टाच्या राहणीचा सिस्टर्शियन पंथ स्वीकारला. बर्नार्डने नवी रीत शिकवायला जॉफ्री नावाचा अनुभवी मठवासी पाठवला. तरीही सुरुवातीची वर्षे उपासमारीची गेली, जागा सोडून जाण्याचा विचारही झाला. मग ११३५ मध्ये यॉर्कच्या चर्चचा डीन, म्हणजे तिथला प्रमुख पाद्री, ह्यू आपली संपत्ती आणि पुस्तके घेऊन मठात दाखल झाला आणि दिवस पालटले. शंभर वर्षांच्या आत हा इंग्लंडमधल्या सर्वांत श्रीमंत सिस्टर्शियन मठांपैकी एक झाला. गरिबीच्या शोधात निघालेल्या माणसांच्या हाती लोकरीचा एवढा व्यापार आला. फिरताना ही गोष्ट मनात ठेवा, कारण दगडादगडांत ती दिसते.

शेवटची तारीख १५३९. राजा आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नाते तोडले आणि देशातले सगळे मठ बंद करून त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली. फाउंटन्सचा शेवटचा मठाधिपती मार्मड्यूक ब्रॅडली याने नोव्हेंबरात मठ राजाच्या हवाली केला आणि मठवाशांना पेन्शन देऊन वाटेला लावले. छपरावरचे शिसे मौल्यवान होते, ते उतरवून वितळवले. छप्पर गेल्यावर पाऊस आत आला आणि उरलेले काम त्याने केले. वीज पडून किंवा लढाईत हा मठ पडलेला नाही. सरकारी हुकमाने तो सुटा करून विकला गेला.

नकाशा एकदा पाठ करा

सिस्टर्शियन मठांचे एक मोठे सोयीचे वैशिष्ट्य आहे : सगळ्यांचा आराखडा जवळजवळ एकच. एकदा कळला की युरोपातला कुठलाही असा मठ ओळखीचा वाटतो. घरूनच हे डोक्यात बसवून निघा.

मधोमध चौकोनी चौक, त्याच्या चारही बाजूंना छत असलेली ओसरी. चौकाच्या उत्तरेला चर्च, म्हणजे उंच चर्चमुळे चौकातले ऊन अडत नाही. पूर्वेच्या बाजूला खाली सभागृह आणि वर मठवाशांची निजायची जागा. दक्षिणेला शेकोटीची खोली, भोजनगृह आणि स्वयंपाकघर. पश्चिमेला कोठार आणि कामकरी बंधूंचे राहणे.

हे कामकरी बंधू कोण, हे समजले नाही तर अर्धा मठ कळत नाही. इथे दोन समाज एकत्र राहत होते. एक मठवासी : लिहिता-वाचता येणारे, दिवसात सात वेळा आणि रात्री एकदा चर्चमध्ये लॅटिन प्रार्थना म्हणणारे. दुसरे कामकरी बंधू : त्यांनीही व्रत घेतलेले असे, पण ते बहुधा निरक्षर, आणि त्यांचा दिवस शेतीत, मेंढपाळीत, गिरणीत, बांधकामावर जाई. दोघांची भोजनगृहे वेगळी, निजायच्या जागा वेगळ्या, चर्चमधल्या जागाही वेगळ्या. प्रत्येक खोलीत शिरताना स्वतःला विचारा : ही कुणाची?

कधी आणि कसे जावे

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून यॉर्क किंवा लीड्सला रेल्वेने साधारण दोन-सव्वादोन तास लागतात. रिपनला मात्र रेल्वे स्टेशन नाही. लीड्सहून हॅरोगेटमार्गे रिपनला जाणारी ३६ क्रमांकाची बस सोयीची आहे आणि ती वारंवार असते. रिपनहून ॲबीपर्यंतच्या बस मोजक्या असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा, नाहीतर टॅक्सी करा. पायांत जोर असेल तर रिपनहून स्टडली रॉजर गावातून, हरणांच्या कुरणातून चालत जाण्यासारखी दुसरी सुंदर वाट नाही. गाडीने जाणाऱ्यांना दोन प्रवेश आहेत : पश्चिमेचे मुख्य अभ्यागत केंद्र आणि पूर्वेकडे तळ्याजवळचा स्टडलीचा वाहनतळ. या लेखातली वाट मुख्य केंद्रापासून सुरू होते.

जागा नॅशनल ट्रस्टची, म्हणजे ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेची, आहे. यूकेत राहणाऱ्या कुटुंबाने वर्षाचे सदस्यत्व घेतले तर प्रवेश आणि पार्किंग त्यातच येते, आणि तीन-चार ठिकाणे पाहिली की ते परवडते. वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, नाताळात बंद असते. आदल्या दिवशी संकेतस्थळ पाहणे हाच खात्रीचा उपाय.

फेब्रुवारीत इथे स्नोड्रॉपच्या पांढऱ्या फुलांचे गालिचे असतात, ऑक्टोबरात झाडे तांबूस होतात. मला स्वतःला पाने गळल्यानंतरचे दिवस आवडतात, कारण मग दरीच्या दोन्ही कडा दिसतात आणि मठाचा दगड याच कड्यांतून काढला हे डोळ्यांनी पटते. फक्त डिसेंबरात दुपारी पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळीच पोहोचा. जूनमध्ये उजेडाची चिंताच नाही.

पावसाचे जाकीट आणि पकड असलेले बूट कुठल्याही महिन्यात लागतात. ओला दगड आणि ओले गवत दोन्ही घसरतात. मुख्य केंद्रापासून मठाकडे उतार आहे आणि येताना तोच चढ. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांसाठी आणि चाकाच्या खुर्चीसाठी काय सोय आहे, हे आधी फोन करून विचारा. तिथले लोक मदत करतात. जेवणाचे म्हणाल तर चहा, सूप, स्कोन मिळतात. पण दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या डब्यात घेऊन हिरवळीवर बसण्यात जे सुख आहे ते वेगळेच. कचरा परत न्या. ड्रोन उडवायला बंदी आहे, आणि भिंतींवर चढणे तर मुळीच नको. फोटोसाठी मुलांना कठड्यावर उभे करणारे आपल्यातलेच लोक पाहिले की जीव कासावीस होतो.

पहिला टप्पा : गिरणी

उतरून आलात की आधी गिरणी पाहा. बाराव्या शतकातली ही धान्य दळण्याची गिरणी आजही छपरासकट उभी आहे, आणि मठ बुडाल्यावरही तिची चाके विसाव्या शतकापर्यंत कामात होती. मठ का बंद झाला हे सांगणारे खूप, पण गिरणी का टिकली हे साधे आहे : पीठ सगळ्यांनाच लागते. आत पाण्याच्या चाकाची व्यवस्था समजावून सांगितली आहे. तिथे पाण्याचा विचार मनात पक्का करा, कारण पुढचा सगळा मठ त्यावर बांधलेला आहे.

जवळच फाउंटन्स हॉल हा देखणा वाडा दिसेल. सोळाव्या शतकाच्या अखेरीस स्टीफन प्रॉक्टरने तो बांधायला घेतला आणि त्यासाठी मठाचाच दगड वापरला. पुढे अवशेषांत एखादी भिंत अचानक संपलेली दिसली तर तिचा पुढचा भाग कुठे गेला असेल, याचे एक उत्तर हा वाडा आहे.

दुसरा टप्पा : नदी आणि कोठार

आता मठाच्या पश्चिम अंगाला या आणि नदीकडे पाहा. स्केलला दगडी काठांत बांधून काढले आहे आणि पुढे ती इमारतींच्या खालून बोगद्यांतून जाते. कामकरी बंधूंचे शौचकूप नदीवरच होते. घाण खालच्या वाहत्या पाण्यात पडून दूर जाई. आठशे वर्षांपूर्वी इतक्या माणसांची वस्ती रोगराईशिवाय चालवायची तर स्वच्छतेची सोय आधी करावी लागते, हे त्या बांधकाम करणाऱ्यांना उमगले होते. थोडे काठाकाठाने चाला, बोगद्यांची तोंडे शोधा. मुलांना हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

मग कोठारात शिरा. मला विचाराल तर अख्ख्या फाउंटन्समध्ये सर्वांत जास्त वेळ द्यावा अशी ही जागा. सुमारे ९० मीटर लांब, मध्ये खांबांची एकच रांग, आणि प्रत्येक बुटक्या खांबातून छत्रीच्या काड्यांप्रमाणे फाकणाऱ्या दगडी कमानी. बावीस खणांचे हे छत अजून शाबूत आहे, वर पडझड झालेली असताना. आज ते एकच लांबलचक दालन वाटते, पण मूळ तसे नव्हते. आडव्या भिंती घालून त्याचे भाग केलेले होते : काही भागात लोकर-धान्याची साठवण, दक्षिणेकडच्या भागात कामकरी बंधूंचे भोजनगृह. खांबांवर आणि जमिनीवर त्या भिंतींच्या खुणा शोधता येतात. वरच्या मजल्यावर हे लोक निजायचे.

लोकरीचे महत्त्व इथेच समजून घ्या. मठाच्या जमिनी दूरदूर, माल्हमच्या चुनखडीच्या डोंगरांपर्यंत पसरल्या होत्या. तिथल्या शेतवाड्यांवर कामकरी बंधू मेंढ्या राखत, आणि लोकर इटालियन व्यापारी विकत घेत, कधी पुढच्या वर्षांचीही आगाऊ. १३४८-४९ ची प्लेगची साथ, युद्ध आणि मेंढ्यांचे रोग यांनी चौदाव्या शतकात हे सगळे खिळखिळे झाले. कामकरी बंधू मिळेनासे झाले, जमिनी खंडाने द्याव्या लागल्या.

दुपारी आलात तर सूर्य पश्चिमेच्या दारांतून या कोठारात आत येतो. फोटोसाठी तीच वेळ. छताला वटवाघळे असतात, त्यांच्यावर टॉर्च मारू नका.

कातडी कमावण्याचा मोठा कारखानाही मठाच्या आवारात होता, हे जमिनीत न खणता रडारने केलेल्या पाहणीतून कळले आणि २०२१ मध्ये जाहीर झाले. शांत प्रार्थनास्थळाच्या शेजारी चामड्याचा वास आणि आवाज! पुस्तकातल्या कल्पनेपेक्षा खरा मठ असा होता.

तिसरा टप्पा : चौक

कोठारातून चौकात या. ओसरीचे छत गेले, हिरवळ राहिली. आता पाठ केलेला नकाशा वापरा. दक्षिणेच्या भिंतीत हात धुण्याच्या लांब कुंड्यांचे कोनाडे दिसतील : जेवायला जाण्याआधी इथे धुवायचे. त्यालगतच्या मोठ्या दारातून भोजनगृहात जा आणि पश्चिमेच्या भिंतीतला जिना शोधा. तो वाचकाच्या उंच जागेकडे जातो. जेवताना बोलायचे नाही, एक जण वरून धर्मग्रंथ वाचायचा, बाकीचे खुणा करून मीठ-पाव मागायचे.

शेजारच्या शेकोटीच्या खोलीतला चुलाण्याचा कोनाडा इतका मोठा आहे की माणूस आत उभा राहतो. स्वयंपाकघर आणि रुग्णालय सोडले तर थंडीत ऊब मिळायची ती इथेच. बुटांना चरबी चोळणे, आरोग्यासाठी रक्त काढणे ही कामेही याच खोलीत होत.

पूर्वेला तीन सुंदर गोल कमानी दिसतात, ते सभागृहाचे दार. रोज सकाळी सगळे मठवासी इथल्या पायऱ्यांच्या बाकांवर बसत, संत बेनेडिक्टच्या नियमावलीतले एक प्रकरण वाचले जाई, चुका कबूल केल्या जात, मठाचा कारभार ठरे. जमिनीत मठाधिपतींच्या कबरी आहेत, म्हणून पाय जपून टाका. आणखी पूर्वेला गेलात तर रुग्णालयाचे अवशेष लागतील. ही मोठी इमारत चक्क नदीवर, बोगद्यांच्या पाठीवर उभारली होती. जागा कमी पडली तेव्हा त्यांनी नदी झाकून जमीन केली.

चौथा टप्पा : आता चर्च

पश्चिमेच्या दारातून आत जा. जाड गोल खांब, त्यांवर किंचित टोकदार कमानी, कोरीव काम जवळजवळ नाही. रंगीत काचा, मूर्ती, दगडी मनोरे यांना सुरुवातीच्या सिस्टर्शियनांची मनाई होती, आणि हे दालन त्या साधेपणाच्या काळातले आहे. ११४७ मध्ये आर्चबिशपच्या नेमणुकीवरून चिडलेल्या जमावाने मठ जाळला, त्यानंतर सगळे नव्याने बांधले गेले. दालनाच्या पश्चिम भागात कामकरी बंधू, मध्ये दगडी आडभिंत, पलीकडे मठवासी.

आता पूर्वेच्या टोकापर्यंत चाला. नऊ वेदींचे दालन समोर येते आणि एकदम काळ बदलल्याचे जाणवते : तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातले उंच, सडपातळ खांब, उजेडच उजेड. मठवाशांतले पाद्री वाढले, प्रत्येकाला प्रार्थनाविधीसाठी वेदी हवी, म्हणून ही वाढ. डरॅमच्या कॅथेड्रलने नंतर हाच नमुना उचलला. पंधराव्या शतकात भिंतींना तडे गेले, तेव्हा मठाधिपती डार्न्टनने दुरुस्ती केली. एका खिडकीच्या कमानीवरचा तडा कोरीव दगड बसवून झाकलेला आहे. तो शोधून काढा, दुर्बीण असेल तर उत्तम. सकाळचा उजेड या बाजूला छान पडतो.

उत्तरेला मठाधिपती मार्मड्यूक ह्यूबीने सोळाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला सुमारे ५० मीटर उंच मनोरा आहे. बाहेरून त्यावरच्या लॅटिन अक्षरांच्या पट्ट्या पाहा : मान आणि गौरव एकट्या देवाला, असा अर्थ. पण ज्या पंथाने मनोरेच निषिद्ध मानले त्याच्या मठात हा एवढा उंच उभा आहे. मनोऱ्याच्या तळाशी आत उभे राहून वर पाहा, मजल्यांच्या खुणा दिसतात. तो पुरा होऊन काही दशकांतच मठ बंद झाला.

पाचवा टप्पा : बागेतून मागे वळून

वेळ आणि पाय उरले असतील तर नदीच्या काठाने पूर्वेला चालत राहा. स्टडली रॉयलची जलउद्याने लागतात. जॉन ॲस्लबी हा ब्रिटनचा अर्थमंत्री होता. १७२० च्या साउथ सी कंपनीच्या शेअर घोटाळ्यात तो अडकला, संसदेतून काढला गेला, टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत राहिला, आणि मग गावी येऊन उरलेले आयुष्य या चंद्रकोरी तळ्यांना, कालव्यांना दिले. त्याचा मुलगा विल्यमने १७६७ मध्ये मठाचे अवशेष विकत घेतले आणि बागेतला सर्वांत मोठा देखावा म्हणून ते जोडून टाकले. उंचावरच्या, आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलिन हिच्या नावाच्या बैठकीजवळून खोऱ्याच्या टोकाला मठ दिसतो. हा देखावा मुद्दाम रचलेला आहे. ॲस्लबी घराण्याला अवशेष असेच, दुरून आणि सुंदर दिसायला हवे होते, आणि आपणही बऱ्याचदा त्यांच्याच नजरेने पाहतो.

कुरणात तीन जातींची हरणे आहेत. ऑक्टोबरात नर माजावर असतात आणि जूनमध्ये पाडसे गवतात दडवलेली असतात, दोन्ही वेळी लांबच राहा. विल्यम बर्जेसने बांधलेले एकोणिसाव्या शतकातले सेंट मेरीज चर्च उघडे असेल तर आत डोकवा, भिंतींवरचे रंग पाहून थक्क व्हाल.

चर्चच्या जवळून निघणारा सरळ रस्ता रिपन कॅथेड्रलच्या मनोऱ्यांच्या रोखाने जातो. रिपनला थांबणार असाल तर कॅथेड्रलखालचे ६७२ सालचे तळघर चुकवू नका. रात्री ९ वाजता गावच्या चौकात शिंग वाजवण्याची जुनी प्रथा रोज पाळली जाते.

यानंतर कुठे

सगळ्यात सोपा दुसरा मठ लीड्स शहरातला कर्कस्टॉल. ११५२ मध्ये फाउंटन्सच्याच मठवाशांनी तो वसवला, आराखडा तोच, त्यामुळे नकाशा हातात न घेता खोल्या ओळखून पाहा.

भारतात असाल तर जुन्या गोव्यात मॉन्ते सांतो टेकडीवर जा. सेंट ऑगस्टीनच्या चर्चचा जांभ्या दगडाचा अर्धा मनोरा तिथे उभा आहे. पंथ वेगळा, काळही नंतरचा. पण तिथेही १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संन्याशांना घालवले, १८४२ मध्ये छत कोसळले आणि १९३१ मध्ये मनोऱ्याचा बराच भाग पडला. सरकारने मठ रिकामा करायचा आणि मग पावसाने तो खायचा, हा क्रम दोन्हीकडे सारखा. युनेस्कोच्या यादीत जुन्या गोव्याची चर्चे आणि फाउंटन्स दोन्ही १९८६ मध्येच आली.

आणि यॉर्कशायरमध्ये आणखी एक दिवस मिळाला तर रीवो ॲबीला जा. तिथे मात्र दरी इतकी चिंचोळी आहे की चर्च पूर्व-पश्चिम न बसता जवळजवळ दक्षिणोत्तर बांधावे लागले. पाठ केलेला नकाशा तिथे एक पाव वळसा फिरवून वापरावा लागेल.